स्पेस लीक

स्पेस लीक : चालू प्रोग्रॅमने कामापुरत्या मेमरीपेक्षा कितीतरी जास्त मेमरी अडवून ठेवण्याचा दोष. तो कोणत्याही भाषेत संभवतो. परंतु हॅस्केल, मिरांडा, क्लीन यांसारख्या लेझी फंक्शनल भाषांत विशेष आढळतो, कारण तेथे कोणत्या राशीची किंमत केव्हा काढली जाईल हे प्रोग्रॅम वाचून सहज कळत नाही. सी भाषेतील मेमरी लीकहून हा दोष वेगळा आहे. सीमध्ये प्रोग्रॅमरने मोकळी करायची राहून गेलेली मेमरी वाया जाते. स्पेस लीकमध्ये मेमरी गार्बेज कलेक्टरच्या (न लागणारी मेमरी आपोआप मोकळी करणाऱ्या यंत्रणेच्या) देखरेखीखाली असते, पण तिच्यापर्यंत पोहोचणारा एखादा संदर्भ जिवंत असल्याने ती त्याला मोकळी करता येत नाही. प्रोग्रॅम पूर्ण झाला तर उत्तर बरोबर येते, म्हणून लहान डेटावरील चाचण्यांत हा दोष बहुधा सापडत नाही.

पार्श्वभूमी : लेझी पद्धतीत राशीची किंमत गरज पडल्यावरच काढतात आणि एकदा काढलेली किंमत पुढच्या वापरासाठी राखून ठेवतात. क्रिस्तोफर वॉड्सवर्थ यांनी १९७१ मध्ये या कल्पनेची मांडणी केली. १९७६ मध्ये हेंडरसन व मॉरिस आणि फ्रीडमन व वाइज या दोन जोड्यांनी ती स्वतंत्रपणे प्रोग्रॅमिंग भाषांत आणली. हॅस्केलची पहिली अधिकृत व्याख्या १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. अजून किंमत न काढलेल्या राशीसाठी मेमरीत जी नोंद ठेवली जाते तिला थंक म्हणतात. थंकमध्ये करावयाच्या कामाचा पत्ता आणि त्या कामाला लागणाऱ्या सर्व चलांचे संदर्भ असतात.

कारणे : (१) थंकची साखळी. १ ते १०,००,००० या संख्यांची बेरीज ‘फोल्डएल’ या फंक्शनने डावीकडून केली आणि कंपाइलरने त्यात सुधारणा केली नाही, तर ० + १ ही बेरीज लगेच होत नाही. तिचा थंक बनतो. त्यावर २ मिळवण्याचा दुसरा थंक चढतो आणि अखेरीस दहा लाख थंकची साखळी तयार होते. उत्तर मागितल्यावर ती उलगडताना स्टॅकही तितकाच खोल जातो. (२) लांबलेला संदर्भ. सरासरीसाठी यादीची बेरीज आणि लांबी वेगवेगळी काढली, तर बेरीज चालू असताना यादीचा वापरून झालेला भाग टाकून देता येत नाही, कारण लांबी मोजण्यासाठी तोच पुन्हा लागणार असतो. परिणामी पूर्ण यादी मेमरीत उभी राहते. (३) अर्धवट किंमत. हॅस्केलमधील ‘सेक’ राशीचा फक्त सर्वांत बाहेरचा थर उलगडतो. बेरीज व संख्या यांची जोडी सेकने उलगडली, तरी तिच्या आतील दोन्ही घटक थंकच राहतात. (४) सर्वांत वरच्या पातळीवरील स्थिर राशी. मूळ संख्यांची अनंत यादी अशा ठिकाणी लिहिली आणि प्रोग्रॅमचा कोणताही भाग पुढे ती वापरणार असला, तर तिचा उलगडलेला सर्व भाग तोपर्यंत टिकून राहतो.

शोध : प्रोग्रॅमची मेमरी कालानुसार कशी बदलते आणि ती कोणी अडवली आहे हे हीप प्रोफाइलच्या आलेखात दिसते. रन्सिमन व वेकलिंग यांनी १९९३ मध्ये लेझी प्रोग्रॅमसाठी हे तंत्र मांडले. १९९६ मध्ये रोयेमो व रन्सिमन यांनी त्यात प्रत्येक वस्तूच्या आयुष्याचा हिशेब आणला : निर्मितीपासून पहिल्या वापरापर्यंतचा काळ, शेवटच्या वापरानंतर ती रेंगाळते तो काळ आणि कधीच न वापरल्या जाणाऱ्या वस्तू. हॅस्केलचा प्रमुख कंपाइलर जीएचसी याच्या प्रोफाइलरमध्ये या सोयी आहेत. स्टॅकची मर्यादा मुद्दाम अगदी लहान ठेवून प्रोग्रॅम चालवणे, ही नील मिचेल यांनी सुचवलेली युक्ती थंकच्या लांब साखळ्या पकडण्यास उपयोगी पडते.

उपाय : साखळीवरील उपाय म्हणजे किंमत वेळीच काढणे. त्यासाठी ‘फोल्डएल’ऐवजी त्याचा स्ट्रिक्ट (किंमत लगेच काढणारा) प्रकार, चलापुढे उद्गारचिन्ह, डेटा प्रकारांत स्ट्रिक्ट घटक आणि मॅपचा स्ट्रिक्ट प्रकार वापरतात. काही काम कंपाइलर स्वतः करतो. एखादे फंक्शन आपल्या आर्ग्युमेंटची किंमत काढणारच आहे हे स्ट्रिक्टनेस विश्लेषणाने सिद्ध झाले, तर थंक बनतच नाही. या विश्लेषणाचा पाया ॲलन मायक्रॉफ्ट यांनी १९८० च्या सुमारास घातला.

लांबलेल्या संदर्भावर स्ट्रिक्टनेस पुरत नाही; तेथे रचनाच बदलावी लागते. सरासरीच्या उदाहरणात बेरीज आणि संख्या एकाच फेरीत, दोन स्ट्रिक्ट घटकांत साठवल्यास यादी कितीही लांब असली तरी ठरावीक मेमरी पुरते. मधल्या याद्या मुळातच टाळणाऱ्या फ्यूजन तंत्राचा उगम फिलिप वॉडलर यांच्या डिफॉरेस्टेशनमध्ये आहे. जोडीतील एक घटक दुसऱ्याला विनाकारण जिवंत ठेवतो तेव्हा होणाऱ्या गळतीवर त्यांनीच १९८७ मध्ये गार्बेज कलेक्टरमधील उपाय दाखवला.

डेटाची मांडणीही महत्त्वाची असते. ६४-बिट जीएचसीमध्ये स्ट्रिंग ही अक्षरचिन्हांची यादी असून तिच्या प्रत्येक दुव्याला २४ बाइट लागतात. ० ते २५५ क्रमांकांच्या चिन्हांसाठी सामाईक प्रती असल्याने इंग्रजी मजकुराचे तेवढ्यावर भागते. देवनागरी चिन्हे युनिकोडमध्ये २३०४ पासून सुरू होतात. त्यांतील प्रत्येकाला आणखी १६ बाइट लागू शकतात. त्यामुळे ‘मराठी’ या पाच चिन्हांच्या शब्दाला पूर्ण उलगडल्यावर २०० बाइटपर्यंत जागा लागते. हॅस्केलच्या टेक्स्ट ग्रंथालयाच्या दुसऱ्या आवृत्तीपासून मजकूर यूटीएफ-८ मध्ये साठवला जातो. तेथे हाच शब्द १५ बाइटांत, अधिक थोड्या ठरावीक जागेत, मावतो.

मर्यादा : सर्वत्र स्ट्रिक्टनेस लादणे हा उपाय नव्हे. त्याने अनंत याद्या वापरता येत नाहीत, अनावश्यक काम करावे लागते आणि एरवी पूर्ण होणारा प्रोग्रॅम अडकूही शकतो. मेमरीही कधी वाढते : १ ते १०,००,००० या यादीचा थंक काही बाइटांचा असतो, तर उलगडलेली यादी कित्येक मेगाबाइटांची. म्हणून बेरजा, गणक आणि दीर्घकाळ टिकणारी स्थिती स्ट्रिक्ट ठेवावी, एकदाच वाहून जाणारा डेटा लेझी ठेवावा आणि बदल करण्यापूर्वी प्रोफाइल पाहावे, ही सर्वसाधारणपणे मान्य पद्धत आहे.