न पाहणाऱ्यांसाठी
‘स्लॅम डंक’ हा शब्द आपल्या शाळेच्या बास्केटबॉल संघातल्यांना ठाऊक असेलच. तो रूढ केला चिक हर्न यांनी. १९६१पासून ते लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाचे समालोचक. नोव्हेंबर १९६५ ते डिसेंबर २००१ सलग ३,३३८ सामने! मला मात्र त्यांची पद्धत अधिक मोलाची वाटते. रेडिओ-टीव्हीला त्यांचे एकच समालोचन जाई, पण ते बोलत न पाहणाऱ्यांसाठी: चेंडू कोणाकडे, कुठल्या बाजूला, किती फुटांवर. सामना खिशात आला, की तो ‘फ्रिजमध्ये’ जाई. दार बंद, दिवा बंद! हृदयशस्त्रक्रियेने तो क्रम तुटला. एप्रिल २००२मध्ये ते परतले. जूनमध्ये लेकर्सच्या विजेतेपदाचा सामना सांगितला, तोच शेवटचा. ऑगस्टमध्ये ते गेले, ८५व्या वर्षी.