क्रूप : खोकल्याच्या आवाजावरून ओळखता येणारा बालविकार

क्रूप हा स्वरयंत्र व श्वासनलिकेला सूज आणणारा विषाणुजन्य विकार प्रामुख्याने 6 महिने ते 3 वर्षे वयाच्या मुलांत आढळतो. बहुतेकदा पॅराइन्फ्लुएन्झा विषाणू त्यास कारणीभूत असतो. आरंभी साधी सर्दी व सौम्य ताप असतो. एक-दोन दिवसांनी, बहुधा रात्री, कुत्रा भुंकल्यासारखा खोकला सुरू होतो आणि आवाज घोगरा होतो. श्वास आत घेताना उमटणारा कर्कश ध्वनी हे महत्त्वाचे लक्षण होय. दम्यातील शीळ मुख्यतः श्वास सोडताना ऐकू येते. रडण्याने त्रास वाढतो, म्हणून मुलाला कडेवर घेऊन शांत ठेवावे. घरोघरी दिल्या जाणाऱ्या वाफेचा उपयोग सिद्ध झालेला नाही. भाजण्याचा धोका मात्र खरा आहे.

मूल शांत असतानाही हा ध्वनी येत असेल, बरगड्यांमधील भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल मलूल झाले असेल वा त्याची लाळ गळत असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. लसीकरण अपुरे राहिलेल्या मुलाच्या घशात करडा पापुद्रा दिसल्यास घटसर्पाची शंका घ्यावी लागते. क्रूपमध्ये डॉक्टरांनी दिलेली डेक्सामेथासोनची एकच मात्रा सहसा पुरते.