रिकाम्या जागेची किंमत

१/ १९ जुलै २०००. न्यूयॉर्कच्या मॅकवर्ल्ड प्रदर्शनात स्टीव्ह जॉब्स यांनी एक ठोकळा सादर केला. पारदर्शक ॲक्रिलिकच्या आवरणात तो अधांतरी तरंगत असल्यासारखा दिसे. बाजू जेमतेम ८ इंच. आत पंखा नाही, म्हणून आवाजही नाही. नाव ‘पॉवर मॅक जी४ क्यूब’, किंमत १,७९९ डॉलर.

२/ त्याच दिवशी ॲपलच्या दरपत्रकात जी४ प्रोसेसरचा एक उभा, धिप्पाड टॉवरही होता. त्यातला सर्वांत स्वस्त १,५९९ डॉलरला मिळत होता. वेग किंचित कमी. पण कुशीचे दार कडी ओढून उघडता येई आणि आत नवी कार्डे बसवायला मोकळी जागा असे. म्हणजे लहान यंत्र महाग आणि मोठे स्वस्त. ग्राहकांनी काय निवडले, हे वर्षभरात कळले. ३ जुलै २००१ रोजी ॲपलने क्यूबचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले.

३/ क्यूबच्या अपयशाचे खापर अनेकदा ॲक्रिलिकवर उमटलेल्या बारीक रेषांवर फोडले जाते. त्या भेगा आहेत अशी ग्राहकांची तक्रार होती. साच्यातून निघताना राहिलेल्या खुणा आहेत असे कंपनीचे उत्तर होते. पण हे वरवरचे कारण झाले. खरा वाद त्याहून २३ वर्षे जुना आहे आणि तो ॲपलच्याच घरात सुरू झाला.

४/ १९७७ साली ‘ॲपल टू’ आकार घेत होता, तेव्हा स्टीव्ह वॉझनियाक यांना त्यात ८ स्लॉट हवे होते. स्लॉट म्हणजे मुख्य बोर्डावरची खाच, जिच्यात पुढे कधीही वेगळे कार्ड बसवता येते. जॉब्स यांच्या मते दोन पुरेसे होते, एक प्रिंटरसाठी आणि एक मोडेमसाठी. माणसाला याहून अधिक काय लागणार? वॉझनियाक हटले नाहीत. दोनच हवे असतील तर दुसरा संगणक शोधा, अशी त्यांची भूमिका होती. ८ स्लॉट राहिले.

५/ पुढे त्या खाचांत जे जे बसले, त्यातले बरेचसे १९७७ साली कोणाच्या स्वप्नातही नव्हते. १९८० साली मायक्रोसॉफ्टने ‘सॉफ्टकार्ड’ काढले. हे त्या कंपनीचे पहिले हार्डवेअर. त्यावर झेड-८० हा वेगळाच प्रोसेसर होता. कार्ड खाचेत खोवले की ॲपल टू सीपी/एम या सर्वस्वी निराळ्या प्रणालीवर चाले आणि त्या प्रणालीचे व्यावसायिक सॉफ्टवेअर वापरता येई. दुसऱ्याच कंपनीने, दुसऱ्याच प्रोसेसरने, ॲपलच्या यंत्राचे आयुष्य वाढवले.

६/ आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला पीसी आणला, तो ५ स्लॉट देऊनच. जॉब्स यांनी मात्र १९८४ च्या मॅकिंतॉशमध्ये जुना हिशेब चुकता केला. स्लॉट एकही नाही, पंखा नाही, मेमरी १२८ केबी. पेटी उघडायला लांब दांड्याचा खास स्क्रूड्रायव्हर लागे, म्हणजे मालकाने आत डोकावूच नये.

७/ त्यातही एक गंमत आहे. मॅकचा बोर्ड रचणारे बरेल स्मिथ यांना १२८ केबी अपुरे पडणार हे दिसत होते. मोठ्या क्षमतेच्या चिप बाजारात आल्या की त्याच बोर्डावर ५१२ केबी मेमरी बसावी, अशी वायरिंग त्यांनी आधीच करून ठेवली. जॉब्स यांचा विस्ताराला विरोध होता, तरी ती टिकली. सप्टेंबर १९८४ मध्ये ५१२ केबीचा मॅक बाजारात आला, पहिल्या मॅकनंतर अवघ्या आठ महिन्यांनी.

८/ तोपर्यंत पीसी टेबलावर आडवा पसरलेला असे आणि त्याच्या डोक्यावर मॉनिटर. एप्रिल १९८७ मध्ये आयबीएमच्या पीएस/२ मालिकेतली ६० आणि ८० ही मॉडेल्स जमिनीवर उभी राहिली. पेटी उभी केल्याने टेबल मोकळे झाले आणि उंची वाढवायला मोकळीक मिळाली. पुढच्या दशकात टॉवर हेच संगणकाचे रूप ठरले.

९/ १९९५ साली इंटेलने एटीएक्स हे मोजमाप ठरवले. बोर्ड ३०५ × २४४ मिलिमीटर, स्क्रूची भोके ठरलेल्या जागी. आजही नवा एटीएक्स बोर्ड जुन्या एटीएक्स कॅबिनेटमध्ये सहसा बसतो. संगणकाच्या जगात तीस वर्षे टिकलेल्या गोष्टी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांत या भोकांचा समावेश करायला हरकत नाही.

१०/ मुंबईचा लॅमिंग्टन रोड याच भोकांवर उभा राहिला, असे म्हटले तर ती फारशी अतिशयोक्ती ठरणार नाही. बोर्ड एकाचा, रॅम दुसऱ्याची, कॅबिनेट तिसऱ्याचे आणि दुकानातला कारागीर अर्ध्या तासात ‘असेंबल्ड’ संगणक हाती देणार. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत पहिला संगणक आला तो असा. त्या पेटीला आपल्याकडे ‘सीपीयू’च म्हणू लागले, हेही ध्यानात घेण्याजोगे. खरा सीपीयू आत नखाएवढ्या जागेत दडलेला आणि भोवती बहुतांशी हवा.

११/ ती हवा वाया गेलेली नसते. प्रोसेसर जितकी वीज खातो, तितकी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. ती काढण्यासाठी वारा हवा. मोठा पंखा सावकाश फिरूनही पुरेसा वारा देतो. लहान पंख्याला तेवढ्याच वाऱ्यासाठी गरगर फिरावे लागते आणि तो कर्कश वाजतो. टॉवर शांत राहू शकतो तो त्याच्या पोकळीमुळे. लहान पेटीपुढे तीनच वाटा उरतात: आवाज सोसा, वेग कमी करा, किंवा मुळातच कमी तापणारी चिप शोधा.

१२/ क्यूबने चौथी वाट शोधली होती. मधोमध धुराड्यासारखी पोकळी, खालून गार हवा आत, वरून गरम हवा बाहेर. वीजपुरवठ्याचा ठोकळा पेटीच्या बाहेर काढलेला. युक्ती देखणी होती आणि चालतही होती. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने क्यूब आपल्या संग्रहात घेतला. पण ज्याला इतका वेगवान प्रोसेसर लागतो, त्यालाच नवी कार्डे आणि जास्तीच्या डिस्कही लागतात. ज्याला त्या लागत नाहीत, त्याला १,७९९ डॉलर जड जातात. क्यूब या दोघांच्या मधल्या फटीत पडला.

१३/ ११ जानेवारी २००५ रोजी ॲपलने पुन्हा लहान पेटी आणली. मॅक मिनी: साडेसहा इंच चौरस, उंची २ इंच, किंमत ४९९ डॉलर. कीबोर्ड, माउस, मॉनिटर ग्राहकाने आपल्या घरचे लावायचे. आत लॅपटॉपची डिस्क, लॅपटॉपच्या जातीचे भाग. या यंत्राने टॉवरशी बरोबरी करण्याचा आव आणलाच नाही आणि म्हणून ते तगले. मेमरी बदलायची तर पुट्टी भरायची पातळ पट्टी बुडाच्या फटीत घालून झाकण उचकटावे लागे. दुरुस्तीच्या अधिकृत पुस्तिकेतही हेच हत्यार सांगितलेले होते!

१४/ याच सुमारास इंटेललाही उष्णतेने गाठले होते. पेंटियम ४ चा वेग वाढवता वाढवता चिप इतकी तापू लागली की मे २००४ मध्ये कंपनीने पुढची ‘तेहास’ ही चिप रद्द केली आणि लॅपटॉपसाठी घडवलेल्या पेंटियम एमच्या रचनेकडे मोर्चा वळवला. २००६ चा ‘कोअर २’ त्या वाटेने आला. डेस्कटॉपची चिप लॅपटॉपच्या वंशात जन्मू लागली, तेव्हा लहान पेटीचे दिवस खऱ्या अर्थाने सुरू झाले.

१५/ तैवानच्या व्हीआयएने २००१ मध्येच १७० मिलिमीटर चौरसाचा मिनी-आयटीएक्स बोर्ड आणला होता. इंटेलचा ‘नक’ त्याहून लहान, बोर्ड सुमारे ४ इंच चौरस. लेनोव्होचे ‘टायनी’ संगणक मॉनिटरच्या पाठीला अडकवून कार्यालयांत बसले. जिथे काम टंकलेखनाचे, हिशेबाचे आणि ब्राउझरचे होते, तिथे टॉवरची पोकळी कोणालाच नको होती.

१६/ मग टॉवर संपायला हवा होता. ॲपलला तसेच वाटले. २०१३ साली तिने व्यावसायिकांचा मॅक प्रो टॉवर काढून त्या जागी काळाभोर नळकांडा आणला, उंची ९.९ इंच. मधोमध त्रिकोणी धातूचा गाभा, त्याच्या तीन बाजूंना प्रोसेसर आणि दोन ग्राफिक्स कार्डे, वर एकच पंखा. क्यूबचाच धाकटा भाऊ म्हणावा असा.

१७/ त्या त्रिकोणात एक गृहीतक बंद होते: उद्याचे काम दोन मध्यम ग्राफिक्स कार्डांत वाटले जाईल. जग दुसऱ्या दिशेला गेले. एकच कार्ड मोठे, अधिक तापट होत गेले. एनव्हिडियाचे २०२२ चे आरटीएक्स ४०९० एकटे ४५० वॉट खाते, म्हणजे घरातल्या लहान मिक्सरएवढी वीज. मिक्सर दोन मिनिटांत थांबतो, कार्ड तासन्‌तास चालते. त्याची लांबी ३० सेंटिमीटरच्या वर. मिनी-आयटीएक्स बोर्ड त्याच्यापुढे जेमतेम निम्म्याएवढा भरतो.

१८/ नळकांड्यात असे कार्ड बसवायची सोयच नव्हती. चित्रपटांचे संकलक, संगीतकार, संशोधक वर्षानुवर्षे नव्या यंत्राची वाट पाहत राहिले. काहींनी ॲपलची साथ सोडली. अखेर एप्रिल २०१७ मध्ये मोजक्या पत्रकारांना बोलावून कंपनीच्या वरिष्ठांनी मान्य केले की या रचनेने उष्णतेच्या बाबतीत आपल्यालाच कोपऱ्यात कोंडले. अशी जाहीर कबुली ॲपलच्या इतिहासात विरळाच.

१९/ २०१९ अखेरीस टॉवर परतला. ८ स्लॉट, १.४ किलोवॉटचा वीजपुरवठा, मेमरी १.५ टीबीपर्यंत, सुरुवातीची किंमत ५,९९९ डॉलर. खाली चाके हवी असतील तर वर ४०० डॉलर! चाकांची थट्टा खूप झाली, पण ज्यांच्यासाठी ते यंत्र होते त्यांना चाकांपेक्षा स्लॉटचे अप्रूप अधिक होते.

२०/ लगेचच पट पुन्हा पालटला. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने स्वतःच्या एम१ चिपचा मॅक मिनी आणला. यात मेमरी बोर्डावरच्या खाचेत नाही, चिपच्या अगदी शेजारी कायमची जडवलेली. विजेच्या संकेतांना अंतर कापायला ऊर्जा लागते; अंतर घटले की उष्णता घटते आणि मेमरीचा वेग वाढवणे सोपे जाते. आजवर पोकळी म्हणजे सामर्थ्य होते. इथे जवळीक हेच सामर्थ्य ठरले. मोबदल्यात मालकाला खरेदीच्या दिवशीच ठरवावे लागले की पुढली पाच-सात वर्षे किती मेमरी पुरेल. बरेल स्मिथ यांच्या वायरिंगला आता जागा नव्हती.

२१/ इंटेलने जुलै २०२३ मध्ये नकमधून अंग काढून घेतले आणि ती मालिका एसुसकडे गेली. कल्पना फसली म्हणून नव्हे. तोवर लहान पेट्या करणारे इतके झाले होते की इंटेलने वाट दाखवण्याची गरज उरली नव्हती.

२२/ त्याआधी महिनाभर, ५ जून २०२३ रोजी, ॲपलने एकाच चिपची दोन यंत्रे शेजारी शेजारी ठेवली. एम२ अल्ट्रा चिप, ६४ जीबी मेमरी, १ टीबी साठवण दोन्हींत सारखी. एक मॅक स्टुडिओ, ३,९९९ डॉलर. दुसरा मॅक प्रो टॉवर, ६,९९९ डॉलर. टॉवरमध्ये ६ मोकळे स्लॉट. वेगळे ग्राफिक्स कार्ड त्यांत चालत नाही, मेमरीही वाढवता येत नाही. ध्वनीची, चित्रीकरणाची, साठवणुकीची कार्डे मात्र बसतात. भागाकार केला तर दर खाचेला ५०० डॉलर.

२३/ २००० साली लहान यंत्रासाठी २०० डॉलर जास्त मोजावे लागत होते. २०२३ साली मोठ्यासाठी ३,०००. आणि त्या लहान मॅक स्टुडिओचा तळ किती? ७.७ इंच चौरस. क्यूबचाही तितकाच होता.