मनिलाच्या खाणावळी

नोकरीनिमित्त दिल्लीत येऊन राहिलेल्या आम्हां मराठी माणसांस खाणावळीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. परक्या शहरात पहिला आधार मिळतो तो बहुधा तिचाच. राजवाड्यांचे व किल्ल्यांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले. शहराला रोज जेवू घालणाऱ्यांचा इतिहास मात्र क्वचितच कोणी लिहितो. या दृष्टीने फिलिपाईन्समधील मनिला हे शहर पाहण्याजोगे आहे. तेथील खाणावळींच्या नावांतच त्याचा इतिहास साठलेला आहे.

१५७१ साली लेगास्पी या स्पॅनिश सेनानीने मनिला ही आपली राजधानी केली. तटाच्या आत स्पॅनिश लोक राहत. तटाबाहेर, तोफांच्या टप्प्यात, चिनी व्यापाऱ्यांची व कारागिरांची वस्ती असे. शहराचे शिंपी, चांभार, पाववाले बहुतेक चिनीच. त्यांच्यावाचून राज्यकर्त्यांचे चालत नव्हते, आणि त्यांचा विश्वासही वाटत नव्हता. १६०३ साली हा संशय विकोपास जाऊन उठाव झाला आणि हजारो चिन्यांची कत्तल झाली. त्याआधी तेथे अधिकारी असलेल्या आंतोनियो दे मोर्गा याने १६०९ च्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे, की त्यानंतर वाटेल तो दाम देऊनही शहरात खावयास अन्न व पायांत घालावयास जोडे मिळेनात. काही वर्षांतच चिनी लोक पुन्हा येऊन वसले. शहराला ते हवेच होते.

या लोकांनी आणलेला शेवयांसारखा पदार्थ म्हणजे 'पानसित'. फुकिएन प्रांताच्या बोलीत मूळ शब्दाचा अर्थ 'सहज शिजविता येणारे' असा आहे. त्याला स्पॅनिश प्रत्यय जोडून 'पानसितेरिया', म्हणजे पानसितची खाणावळ, हा शब्द तयार झाला. आज फिलिपिनो घरांत वाढदिवसास पानसित लागतेच. लांब शेवयांनी आयुष्य लांबते अशी समजूत आहे. ज्यांच्या जिवावर शहर एकदा उठले, त्यांचेच अन्न तेथे दीर्घायुष्याचे चिन्ह ठरले!

फिलिपाईन्सचे राष्ट्रपुरुष होसे रिझाल यांनी मोर्गाचा तो ग्रंथ १८९० साली स्वतःच्या टीपांसह पुन्हा प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी आलेल्या त्यांच्या 'एल फिलिबुस्तेरिस्मो' या कादंबरीत निराश झालेले विद्यार्थी एका पानसितेरियात जमतात आणि प्रत्येक पदार्थ कोणा ना कोणाला उपरोधाने अर्पण करतात. दुसऱ्या दिवशी विद्यापीठात पत्रके लागलेली आढळतात व धरपकड सुरू होते. सत्तेच्या दृष्टीआड मोकळेपणी बोलावयास रिझाल यांनी आपल्या पात्रांस जागा दिली ती खाणावळीत, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते. १८९६ च्या डिसेंबरात स्पॅनिश सरकारने रिझाल यांना गोळ्या घालून मारले.

दुसरा शब्द आपल्या अधिक जवळचा आहे. साध्या खाणावळीस मनिलात 'कारिंदेरिया' म्हणतात. त्याच्या मुळाशी 'कारी', म्हणजे दक्षिणेतील 'करी', हा शब्द असल्याचे सांगतात. १७६२ साली इंग्रजांनी मद्रासहून आरमार नेऊन मनिला घेतली व १७६४ पर्यंत ताब्यात ठेवली. त्या फौजेतील काही हिंदी शिपाई परत न येता कायन्ता गावाच्या परिसरात राहिले. त्यांच्या चुलीचा या नावाशी संबंध जोडला जातो. पुरावा अपुरा असला तरी परंपरा मोठी मनोज्ञ आहे.

कारिंदेरियात पातेली ओळीने मांडलेली असतात. गिऱ्हाईक बोटाने दाखवील ते भाताबरोबर मिळते. म्हणून तिला 'तुरो-तुरो', म्हणजे 'दाखवा-दाखवा', असेही नाव आहे. १९८१ साली मॅकडोनल्ड्स ही अमेरिकन कंपनी मनिलात आली, तेव्हा तिच्यापुढे टिकून राहिली ती जॉलिबी. हिचा उगम १९७५ सालच्या एका आइस्क्रीमच्या दुकानात. चालक चिनी स्थलांतरितांच्या कुटुंबातला. गोडसर चवीची जी आवड लोकांत होती, तिला त्याने मान दिला. शहराला जेवू घालणारा या वेळीही परक्यांतूनच आला होता.

आमच्या खाणावळीचा मालक गढवालचा आहे. आमटीत गूळ घालावयास तो केव्हा शिकला, हे आता त्यालाही आठवत नाही. त्याच्या पंक्तीला बसलो असता आपल्या शहरांतून अधूनमधून उठणारी 'परप्रांतीयांनो, चालते व्हा' ही आरोळी आठवते, आणि मोर्गाने टिपलेले ते उपाशी शहर डोळ्यांपुढे उभे राहते.