‘ऑस्ट्रेलियन’ कादंबरी ठरवायची कुणी?

ऑस्ट्रेलियाच्या साहित्यविश्वात सर्वाधिक मानाचा समजला जाणारा माइल्स फ्रँकलिन पुरस्कार एका लेखिकेच्या मृत्युपत्रातून जन्माला आला. स्टेला माइल्स फ्रँकलिन (१८७९-१९५४) यांनी ‘माय ब्रिलियंट करिअर’ (१९०१) ही पहिली कादंबरी प्रसिद्ध करताना ‘स्टेला’ वगळून पुरुषी वाटणारे ‘माइल्स’ हे नाव धारण केले. काटकसरीने जमविलेली पुंजी त्यांनी वार्षिक पुरस्कारासाठी ठेवली. १९५७ सालचा पहिला पुरस्कार पॅट्रिक व्हाइट यांच्या ‘व्हॉस’ला मिळाला, १९७३ मध्ये व्हाइट नोबेलचे मानकरी ठरले. पुरस्काराची रक्कम आता ६० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर आहे.

मात्र या पुरस्काराभोवतीचे बहुतेक वाद मृत्युपत्रातील एका अटीतून उद्भवले. कादंबरी सर्वोच्च वाङ्मयीन गुणवत्तेची हवीच, शिवाय तीत ऑस्ट्रेलियन जीवनाचा कोणता तरी पैलू दिसला पाहिजे. १९९४ मध्ये फ्रँक मूरहाऊस यांची ‘ग्रँड डेज’ याच कारणाने बाद झाली. नायिका ऑस्ट्रेलियन, पण कथानक घडते जिनिव्हात, राष्ट्रसंघाच्या कचेरीत! पुढच्याच वर्षी हेलन डेमिडेन्को यांच्या युक्रेनविषयक ‘द हँड दॅट साइन्ड द पेपर’ला पुरस्कार मिळाला आणि नंतर उघड झाले, की लेखिकेचे युक्रेनियन कुळ बनावट असून तिचे खरे नाव हेलन डार्व्हिल आहे, आईवडील इंग्रज आहेत. परीक्षकांची याहून मोठी फजिती क्वचितच झाली असेल.

२००९ आणि २०११ च्या अंतिम यादीत एकही लेखिका नव्हती. त्या नाराजीतून, फ्रँकलिन यांनी झाकलेल्याच नावाने, केवळ लेखिकांसाठीचा ‘स्टेला’ पुरस्कार २०१३ पासून सुरू झाला. आदिवासी वान्यी समाजातील अलेक्सिस राइट यांना २०२४ मध्ये ‘प्रेझवर्दी’साठी हे दोन्ही पुरस्कार लाभले. त्यापूर्वी २००७ मध्ये त्यांच्या ‘कार्पेंटेरिया’नेही माइल्स फ्रँकलिन पटकावला होता.

दक्षिण आशियाई वाचकाला या पुरस्कारात अलीकडे ओळखीची नावे भेटतात. कोलंबोत जन्मलेल्या मिशेल डी क्रेत्सर दोनदा (२०१३, २०१८), तर श्रीलंकन तमिळ वंशाच्या शंकरी चंद्रन २०२३ मध्ये विजेत्या ठरल्या. लेखक ऑस्ट्रेलियन नागरिकच असावा, अशी अट मात्र नाही. मुंबईतील ‘लास्ट मॅन इन टॉवर’ लिहिणारे अरविंद अडिगा सिडनीतील बेकायदा स्थलांतरिताच्या ‘अ‍ॅम्नेस्टी’सह २०२१ च्या अंतिम यादीत पोहोचले. पुरस्कार गेला अमांडा लोहरी यांच्या ‘द लॅबिरिंथ’ला.