ताटावरील अक्षरे आणि ताटाची माती : यहुदी विधिपात्रांच्या इतिहासातील एक प्रश्न

जेरुसलेम येथील इस्रायल म्युझियमच्या संग्रहात मातीचे एक मोठे ताट आहे. व्यास सुमारे ५७ सेंटिमीटर, घडण स्पेनमधील, काळ इ. स. १४८० च्या सुमाराचा. त्याच्या झिलईवर सोनेरी झाक आहे आणि वल्हांडण सणाशी निगडित असे हिब्रू शब्द त्यावर रंगविले आहेत. १४९२ मध्ये स्पेनच्या राज्यकर्त्यांनी यहुद्यांना देशाबाहेर घालविले. त्यापूर्वीची त्यांची जी विधिपात्रे आज शिल्लक आहेत ती मोजकीच, आणि त्यांतील हे एक. भाषेच्या अभ्यासकाने ह्या ताटाकडे वळावे ह्याचे कारण मात्र निराळे आहे. त्यावरील हिब्रू शब्दांच्या लेखनात चुका आहेत.

ताटावर शब्द लिहिण्याची गरज मुळात का पडावी, हे आधी पाहिले पाहिजे. लेवीयाच्या सहाव्या अध्यायात पापार्पणाचे मांस शिजविलेल्या भांड्यांविषयी नियम आहे : भांडे पितळेचे असेल तर घासून धुवावे, मातीचे असेल तर फोडावे. माती अन्न शोषून घेते आणि शोषलेले पुन्हा सोडीत नाही, अशी पुढील शास्त्रकारांनी त्याची उपपत्ती लाविली. तालमूदकारांनी हाच विचार वल्हांडणाला लागू केला. ह्या सणाच्या दिवसांत घरात खमीर असता कामा नये. मग वर्षभर खमीर मुरलेल्या मडक्यांचे काय करावे? रव ह्या आचार्याचे मत असे की, ती फोडून टाकावी. शमुएलाचे मत असे की, ती बाजूस ठेवून सणानंतर वापरावी. 'पेसाहीम' ह्या प्रकरणात ह्यासंबंधी एक मौजेची हकीकत आहे. जुनी मडकी फुटल्यामुळे नव्या मडक्यांना मागणी वाढणार, हे विक्रेत्यांना ठाऊक होते. शमुएलाने त्यांना बजाविले की, भाव वाजवी ठेवा. नाही तर सैल मत आहे त्याचाच मी जाहीर पुरस्कार करीन. तिसऱ्या शतकातील बाबिलोनियाच्या कुंभारबाजाराचे ह्याहून जिवंत चित्र प्रस्तुत लेखकाच्या वाचनात आलेले नाही. झिलई दिलेल्या भांड्यांचा प्रश्नही तेथेच चर्चिला आहे. ती बाहेरून पाझरताना दिसतात, अर्थी ती शोषतही असली पाहिजेत, हा त्यावरील युक्तिवाद अनुभवावर आधारलेला आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

कोकणातील बेने इस्राएल समाजाने हाच नियम एका मराठी शब्दप्रयोगात जतन करून ठेवला. हाईम सॅम्युएल केहीमकर ह्यांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या आणि १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इतिहासग्रंथात ह्या समाजाच्या सणांची जुनी नावे आली आहेत. योम किप्पुराला 'दारफाळणीचा सण' म्हणत, कारण त्या दिवशी दारे लावून घेत. वल्हांडणाचे नाव 'अनाशी ढाकाचा सण'. 'अनास' हे आंबट द्रवाचे भांडे. ते ह्या दिवसांत झाकून ठेवावयाचे. हिब्रू ग्रंथांशी संबंध तुटलेल्या ह्या लोकांनी सणाचे नाव मिसर देशातील सुटकेवरून ठेवले नाही, खमिरावरूनही ठेवले नाही. स्वयंपाकघरातील झाकलेल्या भांड्यावरून ठेवले. शास्त्रार्थ विसरला गेला तरी भांड्याविषयीची दक्षता टिकली, असे ह्यावरून म्हणावयास हरकत नाही.

ज्या समाजांत लिहिणे-वाचणे घरोघर होते, त्यांनी भांड्यावर शब्दच घातला. वल्हांडणाचे ताट वर्षभराच्या ताटांत मिसळू नये, दुधाचे आणि मांसाचे एकत्र होऊ नये, ही त्यामागील निकड. नेदरलंडमधील डेल्फ्टच्या निळ्या-पांढऱ्या ताटांवर एकेकटे हिब्रू शब्द आढळतात, ते ह्याच कारणाने. आज आपण ज्यास अलंकरण समजतो ते मूळचे खुणेचे अक्षर होय.

आता स्पेनमधील ताटाकडे परत येऊ. अशी सोनेरी झाक आणण्याची कला इस्लामी कारागिरांकडून स्पेनमध्ये आली होती. कथिलाच्या पांढऱ्या झिलईवर चांदी आणि तांबे ह्यांच्या संयुगांनी नक्षी काढीत आणि भांडे पुन्हा एकदा, हवा कोंडून धुराच्या भट्टीत, भाजीत. व्हॅलेन्सियाजवळचे मानिसेस हे गाव ह्या कामासाठी प्रसिद्ध होते आणि तेथील कुंभारांत मुसलमानांचा भरणा मोठा होता. तेव्हा ताट घेणारा यहुदी, पण लिहिणारा हात हिब्रू न जाणणाऱ्याचा, असा निष्कर्ष ह्या ताटासंबंधी काढला गेला आहे, आणि तो मान्य होण्यासारखा आहे. चुकांचे दोन प्रकार असतात. भाषा जाणणारा मनुष्य कानाने चुकतो. आपल्याकडे तो 'श'च्या ठिकाणी 'ष' लिहील, ऱ्हस्वाचे दीर्घ करील. भाषा न जाणणारा डोळ्यांनी चुकतो. तो 'घ'चा 'ध' करील, 'भ'चा 'म' करील. हिब्रूत 'दालेत' आणि 'रेश', 'हे' आणि 'हेत' ह्या अशाच एकमेकींसारख्या दिसणाऱ्या जोड्या आहेत. म्हणून अशुद्ध अक्षर हे दुर्लक्ष करण्याचे स्थळ नसून कारागिराचा पत्ता लागण्याचे स्थळ आहे. ज्याचे नाव कोठेही उरलेले नाही अशा मनुष्याविषयी आपणांस जे थोडे कळते, ते त्याच्या चुकीमुळे.

परंतु अक्षरांवर एवढा भार टाकण्यात एक धोका आहे, आणि तो इटलीच्या ताटांनी उघड केला. मोठ्या आकाराची, रंगीत माजोलिका पद्धतीची वल्हांडणाची ताटे अनेक संग्रहालयांत आहेत. त्यांवर विधीचा क्रम किंवा प्रार्थनेचा दीर्घ हिब्रू पाठ असतो, काठावर बायबलमधील व्यक्तींची चित्रे असतात, आणि बहुधा घडविणाऱ्याचे नाव व सोळाव्या ते अठराव्या शतकांतील एखादे साल असते. अनामिक कारागिरांच्या ह्या क्षेत्रात नाव, गाव आणि साल एकत्र मिळणे म्हणजे अभ्यासकाला पर्वणीच. सेसिल रॉथ ह्यांच्यासारख्या जाणत्या इतिहासकाराने १९६४ मध्ये ह्या ताटांवर लेख लिहिला, तो त्यांवरील काळ ग्राह्य धरूनच. प्रस्तुत लेखकाची घडण कोरीव लेखांच्या वाचनात झालेली असल्यामुळे त्याला हे कबूल केले पाहिजे की, त्याच्या हाती ही ताटे आली असती तर त्यानेही तेच केले असते.

न्यूयॉर्कच्या ज्यूइश म्युझियममधील अभ्यासिका व्हिव्हियन मान ह्यांनी १९९० मध्ये ह्या विश्वासाला धक्का दिला. शैलीची छाननी आणि थर्मोल्युमिनेसन्स नावाची परीक्षा ह्यांच्या आधारे ही ताटे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील किंवा त्यानंतरची ठरली. ह्या परीक्षेचे तत्त्व सोपे आहे. मातीतील गारेच्या कणांत किरणोत्सर्गामुळे ऊर्जा साठत जाते. भट्टीत ती सर्व निघून जाते आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. नमुना तापविला असता जो प्रकाश बाहेर पडतो त्यावरून शेवटच्या भाजणीनंतरचा काळ अजमावता येतो. 'शेवटच्या' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. जुने ताट नव्याने रंगवून पुन्हा भाजले तर मापन नवा काळच दाखवील. म्हणून केवळ यंत्रावर न विसंबता शैलीचा पुरावाही घ्यावा लागला.

ह्या ताटांची पैदास त्याच काळात का व्हावी, हे समजणे कठीण नाही. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात इझाक स्ट्राउस ह्यांचा यहुदी विधिवस्तूंचा संग्रह मांडण्यात आला; १८८७ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये यहुदी इतिहासाचे मोठे प्रदर्शन भरले. तोवर जी भांडी घरात वापरली जात आणि फुटली की टाकली जात, त्यांना आता संग्राहक गिऱ्हाईक मिळाले. स्पेनच्या कुंभाराला हिब्रू येत नव्हते आणि त्याने फसवणूक केली नाही. इटलीच्या ताटांवर संपूर्ण पाठ आला, पण तो खोट्या सालाखाली. पाठ किती विस्तृत आहे ह्यावरून वस्तूचा खरेपणा ठरविण्याची आपली सवय येथे पार निकामी ठरते.

विसाव्या शतकात परिस्थिती पालटली. घडविणारा आणि वापरणारा एकाच समाजाचे होऊ लागले. हेडविग ग्रोसमान ह्या कुंभारकलेच्या कलावंतीण १९३३ मध्ये जर्मनीतून पॅलेस्टाइनला गेल्या आणि तेथील स्थानिक माती, तिचा मूळ रंग, प्राचीन भांड्यांचे घाट ह्यांवर त्यांनी भर दिला. पुढच्या पिढीवर त्यांच्या शिकवणीचा ठसा मोठा आहे. आज इस्रायलमध्ये आणि अमेरिकेत चाकावर वा हाताने वल्हांडणाची ताटे घडविणारे अनेक कलावंत आहेत. ताटावर अंडे, कडू भाजी, भाजलेले हाड इत्यादी पदार्थांसाठी ते वाट्या बसवितात. त्यांतील एकीत हारोसेत नावाचे फळांचे गोड मिश्रण ठेवतात. मिसर देशात गुलामीत असताना पूर्वजांनी विटांसाठी तुडविलेल्या चिखलाची ती आठवण, असे तालमूद सांगते. मातीच्या वाटीत तिला अगदी साजेशी जागा मिळाली आहे. पुष्कळ कलावंत शब्द रंगवीत नाहीत, ओल्या मातीतच कोरतात, आणि स्वतःचे नाव ताटाच्या तळाशी घालतात.