१८९४च्या सेंटवरील दुहेरी सन

अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत १९व्या शतकात सेंटचे चित्र मूळ साच्यावरून ठशावर उतरे. सनाचे आकडे मात्र कारागीर प्रत्येक ठशावर हाताने ठोकीत असे. १८९४च्या एका ठशावर ते प्रथम चुकीच्या जागी बसले. त्याने पुन्हा ठोकले, पण आधीची खूण बुजली नाही. परिणामी त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक ‘इंडियन हेड’ सेंटवर, म्हणजे बहुधा हजारो नाण्यांवर, सन दुहेरी उमटला!

भिंगाखाली खऱ्या दुहेरी आकड्याची कड गोलसर व उठावदार दिसते. सपाट, पायरीसारखी कड दिसल्यास नाणे पाडताना ठसा केवळ हलला होता, असे समजावे. विक्रेता कितीही गोड बोलला, तरी अशा नाण्यास जादा दाम देऊ नये.